पहिला पीस पास कोण करणार?

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आमच्या आक्कानं रस्ता ओलांडायला रिक्षा केली.

रस्ता तरी केवढा? आमच्या दारात उभं राहिलं की समोरच्या बँकेचा बोर्ड वाचता येतो. रिक्षावाला गल्लीतलाच. त्यानं विचारलं, "कुठं जायचं आक्का?" आक्का म्हणाली, "समोर." त्याला वाटलं, चेष्टा करतीया. मग मी आक्काला उचलून आत बसवलं, खुर्ची घडी करून मागं बांधली, रिक्षा पार पुढच्या चौकापर्यंत गेली, वळली आणि बँकेच्या दारात येऊन थांबली. मी तोवर चालत पलीकडं जाऊन उभा होतो. "आलो बघ मी," आक्का म्हणाली. (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात. बाहेरगावच्यांनी दचकू नये.) रिक्षावाला पैसे घेईना. आक्कानं त्याच्या खिशात कोंबले. परत जाताना पुन्हा तेच.

काम होतं हयातीच्या दाखल्याचं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. मोबाईलवरनंही होतं, पण आक्काचा अंगठा मशीन घेत नाही. सहा वर्षं खुर्चीची रिंग ढकलून बोटांच्या रेषा झिजल्यात. शिवाय तिला बँकेत जायचंच असतं. तिथं तिच्या शाळेतल्या दोघी-तिघी भेटतात. एका शाळेत तिनं तीस वर्षं क्लार्कची नोकरी केली, पायाला आधाराची पट्टी म्हणजे कॅलिपर बांधून आणि कुबड्या घेऊन. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, ते १९६४ साल. (देशातला पोलिओचा शेवटचा पेशंट सापडला जानेवारी २०११ मध्ये. आक्का ती बातमी वाचून म्हणाली होती, "चला, आमची बॅच संपली.") छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी खांदे गेले आणि ती खुर्चीत बसली. कोल्हापुरात खुर्चीत बसणं म्हणजे घरात बसणं नव्हे, हे या गावाला नसीमा हुरजूक यांनी कधीच दाखवून दिलंय. सोळाव्या वर्षी पायातली ताकद गेलेल्या बाईनं शेकडो जणांना उभं केलं. आक्का त्यांना 'दीदी' म्हणते आणि आपल्या खुर्चीबद्दल कुणी हळहळलं की चिडते.

आता माझं सांगतो. मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात चौतीस वर्षं लाकडात गेली. फौंड्रीत ओतायच्या वस्तूचं आधी लाकडी रूप करायचं, ते मातीत दाबायचं, पोकळीत लोखंड ओतायचं, अशी ती रीत. लोखंड गार होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून आमची पट्टीच तेवढी लांब असते. घरात बायको म्हणते, तुमची पट्टी जगापेक्षा वेगळी. खरंच आहे ते. पुढं जी मापं लिहितोय ती मात्र साध्या टेपनं घेतलीत.

आणि तिसरा गडी बाबू. शाळेपासनं माझ्याबरोबर. टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा. हाताला असा फिनिश की मापायला वर्नियर लावायची गरज पडू नये. पस्तिशीनंतर रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, नळीतनं बघितल्यासारखं व्हायला लागलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. आता पंधरा वर्षं पांढरी काठी. आमच्याच गल्लीत राहतो आणि रोज संध्याकाळी आक्काशी भांडायला येतो, विषय कुठलाही चालतो.

तर यंदा उन्हाळ्यात आमच्या चौकाचं काम निघालं. चौकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या चौकांना वाटायचं आपण सुटलो. नवा फूटपाथ, पेव्हिंग ब्लॉक, चारी कोपऱ्यांवर उतार, पिवळ्या ठिपक्यांच्या फरश्या, नवे झेब्रा पट्टे आणि चालणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल, त्यात हिरवा माणूस. बोर्डावर 'दिव्यांगस्नेही' असा शब्द होता. आक्कानं तो दोनदा वाचला. म्हणाली, "नोव्हेंबरात रिक्षा नको आता."

काम संपलं त्या रविवारी सकाळी सहाला, गाड्या सुरू व्हायच्या आत, आम्ही तिघं गेलो.

पहिला कोपरा. आक्का उताराच्या तोंडाशी आली आणि थांबली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "हा उतार न्हाई, घसरगुंडी हाय." मी लेव्हल आणि टेप काढला. फूटपाथची उंची २०० मिलिमीटर. उताराची लांबी ६५०. म्हणजे तीनाला एक. कोन धरला तर १७ अंश. नियमात आहे बाराला एक, म्हणजे पावणेपाच अंशाच्या आसपास. २०० मिलिमीटर उतरायला २४०० पाहिजेत, इथं पाऊण मीटरसुद्धा नाही. मुळात कर्बच, म्हणजे फूटपाथची कड, दीडशेपेक्षा उंच नको, असं रस्त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. दीडशे असता तर १८०० मध्ये काम झालं असतं.

आक्का उलटी उतरली. उतार जास्त असला की खुर्ची उलटी उतरवतात, नाहीतर माणूस तोंडावर पुढं जातो. मी खालनं पाठ धरली. खाली आलो आणि मागची चाकं धप्पकन आदळली. उतार संपतो तिथं रस्ता सुरू होत नव्हता. मधे ३५ मिलिमीटरची पायरी. दीड इंचसुद्धा नाही, चालणाऱ्याला कळतही नाही. पण वर चढताना खुर्चीची पुढची चाकं, वीतभर व्यासाची, तिथं अडतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. आतला माणूस थांबत नाही. कामं दोन गड्यांनी केलेली, फूटपाथवाल्यानं आपली बाजू संपवली, डांबरवाल्यानं आपली. दोघांचं मिळून जे जोडकाम ते कुणाचंच नव्हतं. आमच्या धंद्यात कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, तडकतं ते नेहमी अशाच जागी, दोन भाग मिळतात त्या कोपऱ्यात. म्हणून तिथं आम्ही फिलेट देतो, कोपरा गोल करून घेतो. रस्त्यात हे फिलेट देणारा कोण, हे पुढं तीन महिने मी शोधत होतो.

तेवढ्यात बाबू ओरडला, "अरे भावा, ह्यो काय डिझाईन केलंय?"

ठिपक्यांच्या फरश्यांबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं निम्म्या लोकांना ती शोभा वाटते. त्या दोन जातींच्या. उभ्या रेघांची फरशी म्हणजे 'असाच सरळ चल'. गोल ठिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढं काहीतरी आहे' – रस्ता, पायरी, वळण. पायाच्या तळव्याला आणि काठीच्या टोकाला ही लिपी कळते. जपानात सेइची मियाके नावाच्या माणसानं १९६५ मध्ये ती शोधली, डोळे अधू होत चाललेल्या मित्रासाठी. १९६७ साली ओकायामा शहरात, अंध मुलांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली. बाबूनं हे फोनवर ऐकून मला सांगितलं आणि वर म्हणाला, "बघ, मित्र असावा तर असा. तू माझ्यासाठी काय शोधलंस?" पिवळा रंगही उगाच नाही. बऱ्याच जणांची नजर पुरती गेलेली नसते, काळपट रस्त्यावर पिवळं तेवढं ओळखू येतं. बाबूला शेवटपर्यंत काय दिसत होतं तर दूधकट्ट्यावरचा पिवळा बल्ब.

आमच्या चौकात गवंड्यानं काय केलं होतं? एक रेघेची, एक ठिपक्याची, एक रेघेची, एक ठिपक्याची. रांगोळी. बाबूच्या काठीनं ऐकलं ते असं : चल, थांब, चल, थांब, चल, थांब. आणि या थांबत-चालत वाटेनं तो गेला कुठं, तर विजेच्या डीपीच्या पेटीवर. फरश्या सरळ पेटीपर्यंत जाऊन पेटीच्या पलीकडनं पुन्हा सुरू झालेल्या. गवंड्याला दोष देणार नाही मी. त्याला कुणी सांगितलंच नसणार की हे अक्षर आहे. आमच्या शॉपमध्ये नवीन पोरगा ड्रॉइंग उलटं धरून काम करतो, तेव्हा चूक त्याच्या हातात ड्रॉइंग देऊन निघून गेलेल्याची असते.

दुसऱ्या कोपऱ्यावर उतार बरा होता, पण त्याच्या तोंडाशी तीन लोखंडी पाईप रोवलेले, अंतर ५५० मिलिमीटर. आक्काची खुर्ची ६४०. आता याची बाजूही ऐका. उतार केला की पहिल्या दिवशी त्यावरनं कोण चढतं? मोपेड. सिग्नल लागला की आपली माणसं उतारावरनं फूटपाथवर, फूटपाथवरनं पुढं, आणि चालणाऱ्याला हॉर्न मारतात, तू मधे कशाला म्हणून. ती अडवायला पाईप. मोपेडी मात्र आरशासकट सराईतपणे तिरक्या होऊन जातात, हे मी दहा मिनिटं उभं राहून बघितलं. अडली ती खुर्ची एकटी. खुर्चीला ९०० मिलिमीटर मोकळे लागतात. तेवढे दिले की मोपेडही जाणार, हे मान्य. मग मोपेडवाल्याला पावती फाडा की. पाईपला पगार लागत नाही, पोलिसाला लागतो, एवढाच फरक.

सिग्नलचं मी आठवडाभर मोजलं. रस्ता डिव्हायडर धरून १७ मीटर. हिरवा माणूस १२ सेकंद. सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा हिशेबातला वेग धरला तरी १४ सेकंद लागतात, म्हणजे धडधाकट माणूससुद्धा शेवटचे दोन-अडीच मीटर पळणार. मी आक्काला ढकलत नेलं, २१ सेकंद. ती स्वतः ढकलत गेली, २९. डिव्हायडरपाशी पोचेतोवर हिरवा माणूस लाल झालेला. मधे थांबायला जागा म्हटली तर डिव्हायडर दोन फूट रुंद, खुर्ची साडेतीन फूट लांब. पाय इकडच्या रस्त्यात की पाठ तिकडच्या रस्त्यात, एवढंच ठरवायचं.

अमेरिकेत हा चालण्याचा वेग हिशेबात पूर्वी सेकंदाला चार फूट धरत. २००९ मध्ये तो साडेतीन फुटांवर आणला, कारण म्हातारी माणसं वाढली. अर्ध्या फुटाचा फरक, पण १७ मीटरच्या रस्त्यावर चालणाऱ्याला जवळजवळ दोन सेकंद जास्त मिळतात.

आणि बाबूला तर हिरवा माणूसच नाही. त्याला आवाज पाहिजे. थांबायचं असताना टिक… टिक… आणि जायचं असताना टिकटिकटिकटिक, एवढं साधं यंत्र. ते नव्हतं. मग तो रस्ता ओलांडतो कसा? त्याच्याच शब्दांत : "माझ्या समोरनं जाणाऱ्या गाड्या ऐकायच्याच न्हाईत. माझ्या कडंनं जाणाऱ्या ऐकायच्या. कडंच्या गाड्यांनी एकदम रेस केली की समोरचा रस्ता थांबला. तवाच निघायचं, नाकासमोर." हे त्याला कुणी शिकवलं नाही, आणि जगभर आंधळी माणसं हेच करतात असं त्याला पुढं कळलं. पण लेफ्टला वळणारे थांबत नाहीत, आणि आता या बॅटरीवरच्या गाड्या. आवाज न करता गाडी अंगावर यावी हे बाबूच्या मते टर्नरच्या हातातनं चक, म्हणजे लेथचा जड लोखंडी जबडा, सुटण्याइतकं वाईट. जपानात म्हणे एका दिशेच्या सिग्नलला कोकिळा वाजते आणि आडव्या दिशेला पिल्लाचा चिवचिवाट, म्हणजे कुठला रस्ता मोकळा ते आवाजावरनं कळावं. बाबू म्हणाला, "इथं कोकिळा कोण ऐकणार? एकीकडं हलगी लावा, एकीकडं घुमकं. नाद खुळा सिग्नल."

हसून झालं. मग मी कचेरीत गेलो.

कचेऱ्यांचं फार लिहीत नाही, वाचणाऱ्याला पाठ आहे. फूटपाथ एकाचा, सिग्नल दुसऱ्याचा, डीपी तिसऱ्याची. अर्ज तीन, पोच तीन, उत्तर एक : 'काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे.' बाबूनं मात्र त्याच आठवड्यात कायदा काढला. फोन वाचून दाखवतो, हा ऐकतो, एवढ्या वेगानं की मला ती भाषाच वाटत नाही. म्हणाला, ऐक. १९९५ चा अपंगांचा कायदा. कलम ४५ : सिग्नलला आवाज, फूटपाथला उतार, झेब्रा क्रॉसिंगवर पायाला कळेल अशी खूण. १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला. मी तेव्हा पंचविशीत होतो, बाबूला रात्रीचं दिसत होतं आणि आक्का कुबड्यांवर बिंदू चौकापर्यंत चालत जायची. कलमात पळवाट होती, सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार करावं अशी. मग २०१५ च्या ३ डिसेंबरला सुगम्य भारत अभियान. मग २०१६ चा नवा कायदा, त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरनं एकवीस झाले, आणि त्याखाली २०१७ चे नियम.

आणि गंमत म्हणजे, आक्का रिक्षात बसून समोर गेली त्याच महिन्यात, ८ नोव्हेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टाचा निकाल आलेला होता. राजीव रतुरी नावाच्या अंध माणसानं २००५ मध्ये याचिका केली होती, रस्ते आणि सार्वजनिक जागा आमच्यासारख्यांना वापरता याव्यात म्हणून. एकोणीस वर्षं चालली. कोर्टानं म्हटलं, कायदा सांगतो सक्तीचे नियम करा, आणि तुमचा नियम १५ बोलतोय शिफारशीच्या भाषेत. तो कायद्याशी विसंगत आहे, किमान काय पाहिजेच ते सक्तीचं करून तीन महिन्यांत नवे नियम आणा. बाबूनं हे मला दोनदा ऐकवलं. आम्ही दोघं शॉपफ्लोअरची माणसं, आमच्या भाषेत सांगायचं तर इतकी वर्षं ड्रॉइंगवर माप होतं पण टॉलरन्सच्या, म्हणजे माप किती चुकलं तर चालेल त्या रकान्यात लिहिलेलं 'जमेल तसं'.

अमेरिकेतली एक गोष्ट मला त्याहून आवडली. तिथं १९९० चा कायदा आहे अपंगांचा. तरी फिलाडेल्फियात शहरवाले म्हणायचे, आम्ही नुसतं डांबर टाकलं, रस्ता काही नवा केला नाही, मग कोपऱ्यावर उतार कशाला करायचा? १९९३ मध्ये कोर्टानं सांगितलं : डांबराचा नवा थर टाकला म्हणजे रस्ता बदललाच, उतार करायचा. बस. आपल्याकडं दर दिवाळीच्या आधी डांबर पडतं. हा एक नियम आपल्याकडं असता तर कोल्हापुरातला एकही कोपरा उताराविना राहिला नसता. त्या अमेरिकन कायद्यावर सही झाली २६ जुलैला. २६ जुलै म्हणजे शाहू महाराजांचा पन्नास टक्के आरक्षणाचा जाहीरनामा, १९०२ चा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं अंतर, तारीख एक. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये, पण दसरा चौकातनं, महाराजांच्या पुतळ्यासमोरनं जाताना मला हल्ली हटकून आठवतं. टोल हटवायला अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं आपलं. उतारासाठी तीनच जण, त्यातला एक चालणारा.

जुलैत कुठल्यातरी अर्जाला पाय फुटले आणि एक ज्युनिअर इंजिनिअर आला. पोरगा चांगला, पंचवीस-सव्वीसचा. पाऊस रिपरिपत होता. मी त्याला सांगितलं, आधी बस खुर्चीत. तो आक्काकडं बघायला लागला. आक्का आमच्या ओट्यावर सरकून बसली आणि म्हणाली, "बस की बाळा, लागट न्हाई ते." बसला. मी ढकललं. उतारावर त्यानं दोन्ही हातांनी बाजू घट्ट धरल्या. खाली ३५ मिलिमीटरवर आदळला तेव्हा त्याच्या तोंडातनं जे निघालं ते इथं लिहिता येत नाही. आणि उताराच्या पायथ्याशी पावसाचं तळं साचलेलं, घोट्याएवढं. उतार म्हणजे फूटपाथचा सगळ्यात खालचा बिंदू, गटाराची जाळी मात्र दोन मीटर लांब. माझ्या टेपनं हे तळं उन्हाळ्यात मोजलंच नव्हतं.

मग खरी चर्चा झाली. तो म्हणाला, "काका, बाराला एक मला पण माहितीय. फूटपाथच पाच फूट रुंद. आठ फुटाचा उतार बसवू कुठं? रस्त्यात काढू?" प्रश्न बरोबर होता. मी रात्रभर त्यावर विचार केला, खोटं नाही सांगत. सकाळी शॉपमध्ये जाऊन सागवानाच्या तुकड्यांतनं कोपऱ्याचं मॉडेल केलं, खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचं. उतार आडवा काढायचाच नाही. फूटपाथच दोन्ही बाजूंनी लांबीत उतरवत आणायचा, २४०० मिलिमीटर इकडनं, २४०० तिकडनं, आणि मधे दीड मीटरचा सपाट तुकडा रस्त्याच्या पातळीला. खुर्ची तिथं वळेल. ठिपक्यांची पट्टी त्या सपाट तुकड्याच्या रस्त्याकडच्या कडेला, कारण आंधळ्याला तिथं पायरी लागणार नाही, मग रस्ता आला हे सांगणार कोण? (हे बाबूनं सांगितलं. उतार खुर्चीला बरा, काठीला घातक. कर्ब ही काठीची खूण असते, ती काढली की दुसरी खूण द्यावी लागते. मला हे चौतीस वर्षांत सुचलं नसतं.) दुसरा उपाय, रस्ताच फूटपाथच्या उंचीला उचलायचा, स्पीडब्रेकरसारखा पण रुंद. ते इंजिनिअर म्हणाला होणार नाही, दुसऱ्या खात्याची सही लागेल.

मॉडेल बघून तो खूश झाला. मी ठिपकेसुद्धा केले होते, मोहरीएवढ्या लाकडी गोळ्या. बाबूनं अंगठा फिरवून म्हटलं, "फिनिश बरा आहे, तुझ्या मानानं."

आमच्याकडं एक रीत आहे. नवीन पॅटर्न केला की लगेच हजार नग कुणी ओतत नाही. पहिला पीस काढायचा, गिऱ्हाइकाकडं पाठवायचा. तो मापतो, मशीनवर लावतो, सही करतो, मग पुढचं. माप घ्यायलाही आधी गेज लावतात, गो आणि नो-गो. एक बाजू गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. वाद नाही, इंग्रजी नाही, साहेबाची मर्जी नाही. मी त्या पोराला एवढंच म्हटलं : चार कोपरे एकदम कशाला केलेत? एक करायचा, आक्काला आणि बाबूला बोलवायचं. आक्काची खुर्ची हे तुमचं गेज, बाबूची काठी दुसरं. गेली तर पास. त्यानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाकून बघितलं : 'मॉडेल ताब्यात घेतले.'

सप्टेंबरात, गणपती विसर्जनाच्या नंतर, एक कोपरा फोडला. आमच्या बाजूचा. आणि खरंच लांबीत उतरवला. मी रोज जाऊन लेव्हल लावायचो, गवंडी मला 'आलं साहेब' म्हणायला लागले. त्यांना मी ठिपका आणि रेघ समजावून सांगितली, तर त्यातला म्हातारा म्हणाला, "आदी सांगायचं की वो. आमी फुलं बी काढली असती." जोड मिळवला. ३५ चे ८ मिलिमीटर झाले. आक्का एकटी उतरली, सरळ तोंडानं, एकटी चढली. दोनदा. तिसऱ्यांदा उगाच.

पण पलीकडचा कोपरा आहे तसाच आहे. निधी संपला, पुढच्या वर्षीच्या यादीत. हिरवा माणूस बारावरनं सोळा सेकंदांवर आणलाय, तो कुणी आणला हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण त्या अर्जाला उत्तरच आलं नव्हतं. आवाज नाही. डीपी जागेवर. पाईपांपैकी मधला एक गायब झालाय, आणि त्याबद्दल मला विचारू नका, उद्यमनगरात हॅकसॉ सगळ्यांकडं असते.

परवा संध्याकाळी आक्कानं कॅलेंडर बघितलं. नोव्हेंबर आलाच. म्हणाली, "अर्ध्यापर्यंत मी जातो. पलीकडं तू धर." बाबू म्हणाला, पलीकडच्या कोपऱ्याचा आधी निकाल लावूया. आमच्याकडं रिजेक्ट कास्टिंगवर खडूनं फुली मारून ते बाजूला ठेवतात, म्हणजे चुकून कुणी पुढं पाठवू नये. आम्ही दोघं सिग्नल धरून पलीकडं गेलो, त्याच्या कानानं आणि माझ्या डोळ्यानं. तो काठीनं उताराची खालची कड चाचपत गेला, बरोबर पायरी सुरू होते तिथं थांबला आणि हात पुढं केला.

"खडू आणलायस न्हवं?"

आणला होता. पण फुली त्यानंच मारली, टर्नर माणूस, दोन्ही रेघा सरळ.